घरातलं शेवटचं चुंबक

ढगातून विमान उतरवणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी त्या काळात कुणालाही, अगदी न विचारता, सांगत असे. दूधवाल्याला सांगितलं होतं. कचेरीत तर सगळ्यांना ते पाठ झालं होतं. विमान खरं नव्हे, संगणकावरचं आहे, हे मी दुसऱ्या वाक्यात सांगायचो, पण दुसरं वाक्य येईपर्यंत समोरचा माणूस बहुधा निघून गेलेला असायचा!

मी शहराच्या बस खात्यात मार्ग आखण्याचं काम करतो. कुठली बस कुठल्या चौकात वळणार, कुठे पूल बंद आहे म्हणून लांबून जाणार, हे सगळं माझ्या टेबलावर ठरतं. थोडक्यात, दिशा हा माझा धंदा. मग ज्या खेळात काचेबाहेर नुसते ढग असतात आणि फक्त यंत्रांचे काटे बघून विमान धावपट्टीवर आणायचं असतं, त्या खेळात मी तरबेज असणार हे उघडच होतं. निदान मला उघड वाटत होतं.

घरातली मागची छोटी खोली मी यासाठी घेतली होती. टेबल, दोन स्क्रीन, पायाखाली पेडल, हाताशी जॉयस्टिक, कानांवर हेडफोन. दार लावलं की मी जमिनीपासून दहा हजार फूट वर. दाराबाहेर, जमिनीवर, आमची बायको जेवणाच्या टेबलावर बसून भाषांतराचं काम करायची. जेवणाच्या वेळेला सगळे कागद उचलायचे, जेवण झालं की टेबल पुसून पुन्हा मांडायचे. तिच्या एका प्रकाशकाने कळवलं होतं की भाषांतर उत्तम आहे, फक्त पानांना भाजीचा वास येतो.

तिला ती खोली हवी होती, आणि तिचं म्हणणं रास्त होतं, म्हणूनच मी ते टाळत होतो. शेवटी आमचा करार झाला. आम्हा हौशी वैमानिकांचं एक मंडळ आहे, संगणकावरच भेटणारं. त्याचे प्रमुख खरोखरचे निवृत्त वैमानिक आहेत. त्यांना सगळे कप्तान आजोबा म्हणतात. ते परीक्षा घेतात आणि पास होणाऱ्याला मंडळात कप्तान हा किताब मिळतो. मी परीक्षा पास झालो तर खोलीचा विषय घरात पुन्हा निघणार नाही. नापास झालो तर खोली तिची. मी इतक्या पटकन हो म्हणालो की तिला संशय आला. तिने सगळं पुन्हा एकदा ऐकवलं आणि माझ्याकडून पुन्हा एकदा हो म्हणवून घेतलं.

याच सुमारास सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आल्या. त्यांची खाट त्याच खोलीत टाकली, कारण दुसरी खोलीच नव्हती. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण डॉक्टरांनी टीव्ही बंद केला, वाचन बंद केलं, वाकणं बंद केलं आणि शिवणही बंद केलं. जन्मभर शिवणकाम शिकवलेली बाई. हात सतत चालू असायची सवय. आता काळा चष्मा लावून खाटेवर बसायचं आणि ऐकायचं, एवढंच उरलं. ऐकायला घरात होतं काय, तर मी.

माझ्या छंदाला घरात इतका मान कुणीच दिला नव्हता. मी विमान सुरू केलं की सासूबाई पदर सावरून ताठ बसत. उतरताना बोलणं बंद करत. एकदा त्यांना ठसका लागला तर तोंडावर उशी धरून खोकल्या, कारण मी धावपट्टीच्या जवळ होतो. सख्ख्या आईनेही माझ्यासाठी एवढं केलं नसतं.

एका संध्याकाळी मी त्यांना ढगातलं अवतरण दाखवायचं, म्हणजे ऐकवायचं, ठरवलं. मला माहीत नसलेला विमानतळ निवडला. कचेरीत करतो तसं नकाशावर कोनमापक ठेवून धावपट्टीची दिशा मोजली, आणि तो आकडा विमानाला दिला. बाहेर ढग असे की धुतलेल्या गोधडीत तोंड खुपसलंय असं वाटावं. मी एकेक गोष्ट मोठ्याने सांगत होतो. आता खाली आलो. आता चाकं सोडली. आता ढग फाटतील, आणि समोर दिव्यांच्या दोन रांगा दिसतील.

ढग फाटले. समोर झाडं होती.

धावपट्टीवर झाडं नसतात, हे मला कळेपर्यंत आम्ही त्यांच्यात पोचलो होतो. कडाड असा आवाज झाला आणि स्क्रीन लाल. दिशा हा माझा धंदा, आणि मी एका टेकडीवर! सासूबाईंनी फक्त विचारलं की लागलं तर नाही ना कुणाला.

मी कप्तान आजोबांना लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं. नकाशावर वरची बाजू म्हणजे खरी उत्तर, पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्याच्या टोकाकडची. विमानातलं होकायंत्र दाखवतं ती चुंबकी उत्तर. या दोन उत्तर दिशा एका जागी नाहीत. काही ठिकाणी फरक थोडा असतो, काही ठिकाणी पुष्कळ. नकाशावर मोजलेला आकडा होकायंत्राला दिला की तेवढ्या फरकाने विमान बाजूला जातं. म्हणून उतरताना विमानतळाचा चार्ट वापरायचा. त्याच्यावरचे आकडे चुंबकी असतात, ते जसेच्या तसे लावायचे.

वाचून मला धक्काच बसला. शाळेपासून मी उत्तर दिशा एकच आहे असं समजत आलो होतो, आणि माझ्यावर विसंबून हजारो लोक बसने कामावर जात होते! रात्रीच्या जेवणाला मी हा शोध घरात जाहीर केला. पण पाण्याचा घोट घेता घेता आणि बायकोच्या कागदांवर काही सांडू नये म्हणून जपता जपता सांगितलं, त्यामुळे त्याचं जे सार बाहेर पडलं ते असं, की माझी काही चूक नव्हती, चुंबकामुळे विमान भरकटलं.

बायको म्हणाली, बरं. सासूबाई विचार करत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्याच विमानतळाचा चार्ट काढला, त्यावरचा आकडा लावला आणि ढगातून खाली आलो. समोर दिवे! मधोमध! विमान असं टेकलं की चहाच्या कपात साय टेकावी. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग हळूच, स्वतःशीच, समाधानाने हसल्या. मला वाटलं, जावयाचं कौतुक आहे. फ्रिजच्या दारावरची शोभेची फुलपाखरं, ज्यांनी आम्ही बिलं आणि निरोप अडकवायचो, ती त्या सकाळपासून दिसत नव्हती. पण धावपट्टी सापडलेल्या माणसाचं फ्रिजकडे लक्ष कशाला जाईल?

यानंतर काही दिवस माझे फार चांगले गेले. कचेरीत मी खरी उत्तर आणि चुंबकी उत्तर हा विषय सगळ्यांना समजावून दिला. आमचे साहेब म्हणाले की तुमचं हे सगळं खरं असेल, पण बाजारपेठेची बस वेळेवर का सुटत नाही ते सांगा.

मग मी एका दुसऱ्या विमानतळावर गेलो. चार्टवरचा आकडा जसाच्या तसा लावला. ढग फाटले तेव्हा धावपट्टी दिसली, पण डावीकडे, आणि आमची चाकं तिच्या शेजारच्या गवतात गेली. पुन्हा आजोबांना विचारलं. ते म्हणाले, चार्ट फार जुना आहे. चुंबकी उत्तर एका जागी थांबत नाही, वर्षानुवर्षं सरकत राहते, म्हणून आकडे बदलत राहतात आणि धावपट्ट्यांवर रंगवलेले नंबरसुद्धा कधीकधी पुसून नवे रंगवावे लागतात. ताजा चार्ट घे.

जेवताना मी हळहळत म्हणालो, “अजून चुंबक आहेच. आणि ते सरकतंय.”

सासूबाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

तिथून आमच्या घराला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण ते एकदम झालं नाही. आधी कपाटं. स्वयंपाकघरातल्या कपाटाजवळून गेलं की मागे त्याचं दार आपोआप, सावकाश उघडायचं. रात्री पाणी प्यायला उठलो तर एकामागून एक चारही दारं उघडलेली, जणू काही मला आत बोलावताहेत. मी एका दाराच्या कोपऱ्यावर कपाळ आपटून घेतलं. मग बायकोच्या पर्सचं बटण लागेना. भर बाजारात ती पर्स उघडली आणि किल्ल्या, पेन, चष्मा, सगळं एका भाजीवाल्याच्या टोपलीत गेलं. मग तिचे कानात घालायचे इयरफोन मुके झाले. आणि मग एका सकाळी फ्रिज.

फ्रिजचं दार लागेचना. आतलं दूध नासलेलं, खाली पाण्याचं तळं. दाराच्या कडेचं रबर एका बाजूने लांबलचक चिरलेलं. बायकोने ओढणीने फ्रिज बांधून ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली की घरात उंदीर झालेत.

मलाही पटलं. रबर कुरतडणार तो उंदीरच. उंदीर मारणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने टॉर्च लावून सगळीकडे पाहिलं, कपाटांची दारं आतून पाहिली, आणि फ्रिजच्या रबरावरून बोट फिरवलं.

“साहेब,” तो म्हणाला, “मी पुष्कळ उंदीर पाहिलेत. पण हा ब्लेड वापरतो.”

सासूबाई खाटेवर बसून शांतपणे ऐकत होत्या. त्या माणसाने दोन पिंजरे लावले, पण जाताना त्याचा चेहरा असा होता की या पिंजऱ्यांवर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही. त्या रात्री बायको दिवा लावून झोपली.

मी एवढा मार्ग आखणारा माणूस, पण मला काही सुचू नये याचंच आता आश्चर्य वाटतं. मी सासूबाईंना घरभर फिरताना पाहत होतो. हातात दोरा, दोऱ्याला लोंबकळणारी सुई. भिंतीजवळ थांबायच्या, सुईकडे एकटक बघायच्या, पुढे सरकायच्या. मला वाटलं, डॉक्टरांनी डोळ्यांचा व्यायाम दिला असेल. मी तर एकदा म्हणालोही की आई, छान चाललंय, नियमित करा.

मधल्या काळात मी ताजे चार्ट घेतले आणि विमानं भराभर धावपट्टीवर उतरायला लागली. एकही चुकलं नाही. प्रत्येक अवतरणाला सासूबाई मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी घरातलं आणखी काहीतरी बिघडायचं. मी आता एक नियमच करून टाकला होता. चार्ट ताजा, त्यावरचा आकडा चुंबकी, डोळे झाकून लावा. हा नियम मी कप्तान आजोबांनाही कळवला. त्यांनी उत्तरात लिहिलं की डोळे झाकू नयेत.

परीक्षेचा रविवार आला. दुपारची वेळ. खालच्या मजल्यावरच्या काका-काकूंना मी मुद्दाम बोलावलं होतं. कप्तान होताना कुणीतरी बघायला नको? काका जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबत होते. त्यांच्या गुडघ्याला एरवी एक चुंबकी पट्टी बांधलेली असते, ती नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, तुझ्या सासूबाईंनी निरोप पाठवला, परीक्षेला ती चालत नाही. मला वाटलं, काकांचा ऐकण्यात घोटाळा झाला असेल. त्यांना धरून खाटेवर बसवलं. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिने हातात मोजपट्टी का धरली होती, ते मी विचारलं नाही.

कप्तान आजोबांनी विमानतळ सांगितला. जगाच्या अगदी वरच्या टोकाला, जिथून पुढे नकाशावर नुसता पांढरा रंग असतो, अशा ठिकाणचा. विमान त्यांनी आधीच हवेत सोडलेलं होतं, ऑटोपायलटवर. म्हणजे सांगितलेल्या दिशेने ते आपलं आपण उडत राहतं. मी ताजा चार्ट उघडला. त्यातल्या प्रत्येक आकड्याच्या मागे एक बारीकसं टी अक्षर होतं. छपाईची सवय असेल, म्हणून मी सोडून दिलं.

हेडफोन चढवले. दुसऱ्या स्क्रीनवर आजोबांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र येत नव्हता. कानांत अशी शांतता की विहिरीत डोकं घातल्यासारखं वाटलं. वायर हलवून पाहिली, दुसऱ्या भोकात घालून पाहिली. शेवटी हेडफोन काढून टाकले आणि संगणकाचाच आवाज मोठा केला. आजोबा खोलीभर घुमायला लागले. त्यांनी सांगितलं की ऑटोपायलट सोडून विमान हातात घे आणि डावीकडे वळव.

मी जॉयस्टिक धरली आणि डावीकडे कलवली. विमान सरळ. आणखी कलवली. सरळ. दोन्ही हातांनी घुसळली. रिकाम्या पातेल्यात पळी फिरवावी तशी ती फिरत होती, आणि विमानाला त्याचं काही नव्हतं.

“आजोबा,” मी म्हणालो, “विमान ऐकत नाहीये.”

पाठीमागून सासूबाई म्हणाल्या, “आता ऐकेल. घरात एकही शिल्लक ठेवलेलं नाही.”

मी वळून पाहिलं. त्यांनी उशीखालून एक जुना पत्र्याचा डबा काढून मांडीवर ठेवला होता. डब्याच्या अंगाला बाहेरून सगळीकडे चुंबकं चिकटलेली. लांबुडकी, गोल, चपटी, फुलपाखरांच्या पोटातली, फ्रिजच्या दारातली वेटोळं केलेली काळी पट्टी. डबा साळिंदरासारखा दिसत होता. अगदी वर, झाकणावर, मसुरीच्या डाळीएवढं एक चकचकीत चुंबक होतं. सासूबाईंनी त्याच्यावर बोट ठेवलं.

“हे सगळ्यात लबाड. तुमच्या त्या दांड्याच्या बुडात लपलं होतं. सुई तिथेच ओढत होती. आज सकाळी स्क्रू काढले तेव्हा सापडलं. हे इतके दिवस तुमच्या हाताखाली होतं, जावईबापू.”

त्या दांड्याला आपण कुठे कललोय ते त्या डाळीएवढ्या चुंबकावरूनच समजत असतं. बायकोच्या हातातली मोजपट्टी सटकन गुंडाळली गेली. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की तिच्या डोक्यात फ्रिज, पर्स, कपाटं आणि ब्लेड वापरणारा उंदीर एका रांगेत उभे राहत आहेत.

“आई, तू?” एवढंच ती म्हणाली.

सासूबाई तिला समजावून सांगायला लागल्या. तुला सांगितलं असतं तर तू चिडली असतीस. आणि यांना सांगितलं असतं तर यांना वाटलं असतं की आपल्याला काही येत नाही, सगळं सासूमुळे होतंय. माणसाचा उत्साह मोडू नये, म्हणून गप्प राहिले. मी बघतच राहिलो. या बाईने माझ्यासाठी सबंध घर सोललं होतं, आणि श्रेयही मला देऊन टाकलं होतं! रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

काकांनी विचारलं की आता पट्टी बांधली तर चालेल का. काकूंनी त्यांना गप्प बसवलं.

संगणकातून आजोबांचा आवाज आला. आमच्याकडचं सगळं त्यांना ऐकू जात होतं, हे मी विसरलोच होतो. ते म्हणाले की परीक्षा पुढे ढकलता येणार नाही, पण खऱ्या विमानातही काहीतरी मोडतंच, तेव्हा ऑटोपायलटवर उतरवून दाखव. दिशेचा आकडा दे, ते वळेल.

मला धीर आला. आकडा देणं तर माझं काम! चार्टवर पाहिलं, माऊसने तोच आकडा फिरवला. विमान आज्ञाधारकपणे वळलं. उंची कमी केली. ढगांत शिरलो. चाकं सोडली. आता धावपट्टीचा काटा मध्ये यायला हवा होता. तो एका कडेला जाऊन बसला होता आणि तिथून हलायला तयार नव्हता. मी स्वतःला सांगितलं, येईल. आजोबांनी विचारलं, दिशेबद्दल खात्री आहे ना? मी म्हणालो, शंभर टक्के.

“चार्ट ताजा आहे,” मी म्हणालो, “आणि आकडा डोळे झाकून लावलाय.”

आजोबांनी तोंडावर हात धरला. आता मला कळतं की त्यांना त्या क्षणी हसू आलं होतं, ते त्यांनी दाबलं.

ढग फाटले. वर पांढरं होतं, खालीही पांढरं होतं. दिवे नाहीत, धावपट्टी नाही, काही नाही. मला काही सुचायच्या आत खालचं पांढरं वर आलं, चाकं कशावर तरी आपटली, विमान गरागरा फिरलं, घसरत घसरत खूप लांब गेलं आणि थांबलं. स्क्रीन लाल झाली नाही. नुसती शांतता.

“आपण समुद्रावर आहोत,” कप्तान आजोबा म्हणाले. “सुदैवाने तो गोठलेला आहे.”

हे कसं शक्य आहे, तेवढं मी विचारू शकलो. त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. पृथ्वीचं चुंबकी टोक त्या भागापासून जवळ आहे, त्यामुळे तिथे होकायंत्र वेड्यासारखं करतं, त्याच्यावर कुणी विसंबत नाही. म्हणून त्या भागातले सगळे आकडे खऱ्या उत्तरेवरून दिलेले असतात. तू ज्याला छपाईची सवय समजलास, त्या टी अक्षराचा अर्थ तोच, ट्रू म्हणजे खरी. आकडा बरोबर लावलास, पण विमान तो चुंबकी समजून वळलं, आणि तिथला फरक भलामोठा असल्यामुळे तू धावपट्टी सोडून समुद्राकडे आलास.

“मग काय करायचं असतं?” मी विचारलं.

“तुझ्यासमोर एक बटण आहे,” ते म्हणाले. “ते दाबलं की विमान चुंबकाचा विचार सोडून देतं आणि खऱ्या उत्तरेवर चालतं. एवढंच करायचं होतं.”

आधी कुणाच्याच लक्षात काही आलं नाही. मग खाटेवर डबा वाजला.

“चुंबक बंद करायचं बटण होतं?” सासूबाईंनी विचारलं.

“होय बाई,” आजोबा संगणकातून म्हणाले. “समोरच असतं.”

सासूबाईंनी काळा चष्मा काढला. ऑपरेशननंतर डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर तो त्यांनी पहिल्यांदाच काढला होता. आधी त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग दारातून पलीकडे, ओढणीने बांधलेल्या फ्रिजकडे. मग काकांच्या गुडघ्याकडे. शेवटी माझ्याकडे. त्यांच्या नव्या डोळ्याने स्पष्ट पाहिलेला माझा हा घरातला पहिलाच चेहरा होता, आणि त्यांना तो फारसा आवडलेला दिसत नव्हता.

बायको चौकटीपासून निघाली. जेवणाच्या टेबलावरून तिचे दोन जाडे शब्दकोश उचलून घेऊन आली आणि माझ्या डाव्या हाताशी, पेडलांच्या खोक्यावर, ठेवून पुन्हा बाहेर गेली. पुढची खेप आणायला. करार तिने मला दोनदा ऐकवला होता.

“दाबा बरं,” सासूबाई म्हणाल्या. “कुठे आहे ते बघू तरी द्या मला.”

त्यांनी खाटेवरून उतरून स्क्रीनच्या जवळ तोंड आणलं. काकू आल्या. काकांनी बसल्या जागेवरून मान लांब केली. आजोबा पलीकडे थांबले होते. बर्फावर आमचं विमान, दिवे लावून, शहाण्यासारखं उभं होतं.

मी माऊस हातात घेतला. समोर साठ-सत्तर बटणं होती. इतके महिने मी यातली पाच-सहाच वापरत होतो, बाकीची शोभेला असतात अशी माझी समजूत होती. पण सगळे बघत होते, आणि सासूबाईंचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. मी सावकाश, माहीत असल्यासारखा, बाण पुढे नेला, उजव्या कोपऱ्यातलं एक बटण निवडलं आणि आत्मविश्वासाने दाबलं.

टिंग असा गोड आवाज आला, आणि विमानातल्या सगळ्या प्रवाशांना कमरेचे पट्टे बांधण्याची सूचना गेली.